एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, डिव्हिजन बाजूला ठेवून सरळ १ ते १६ अशा जोड्या का लावत नाहीत?

१ ते १६ ची गरजच नाही. लीगचे ईस्ट आणि वेस्ट असे दोन भाग, म्हणजे कॉन्फरन्स, आणि प्रत्येकात दोन डिव्हिजन आहेत. कॉन्फरन्समध्ये गुणांप्रमाणे १ ते ८ नीट लावलं तरी बहुतेक तक्रारी संपतात. खरं दुखणं डिव्हिजनमधल्या दुसऱ्या-तिसऱ्याच्या जोडीत आहे. २०१३-१४ पासून प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन आणि कॉन्फरन्समागे दोन वाइल्ड कार्ड, म्हणजे उरलेल्यांतले सर्वाधिक गुणांचे दोन संघ, आत येतात. मग डिव्हिजनमधला दुसरा संघ पहिल्याच फेरीत तिसऱ्याशी भिडतो. ते दोघं अख्ख्या लीगमध्ये कितवे आहेत, हे कोणी विचारत नाही.

२०१६-१७ चा ईस्टचा गुणतक्ता काढून बघा. या एका हंगामाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मेट्रोपॉलिटन डिव्हिजनमध्ये वॉशिंग्टन ११८, पिट्सबर्ग १११, कोलंबस १०८, न्यूयॉर्क रेंजर्स १०२. अटलांटिकमध्ये मॉन्ट्रियल १०३, ओटावा ९८, बॉस्टन ९५, टोरंटो ९५. पूर्ण लीगमध्ये वॉशिंग्टन पहिलं, पिट्सबर्ग दुसरं, कोलंबस चौथं. आणि झालं काय? दुसरं आणि चौथं पहिल्याच फेरीत समोरासमोर आलं, कोलंबस ४-१ ने घरी गेलं. दुसऱ्या फेरीत पहिलं विरुद्ध दुसरं, आणि वॉशिंग्टन सातव्या सामन्यात बाद. त्याच वेळी पलीकडे ९८ गुणांचं ओटावा ९५ गुणांच्या बॉस्टनशी खेळत होतं.

आता रेंजर्सकडे बघा. मेट्रोपॉलिटनमध्ये चौथे आले म्हणून पहिलं वाइल्ड कार्ड मिळालं आणि ते अटलांटिकच्या बाजूला गेले. आधी मॉन्ट्रियल, मग ओटावा. वाटेत ना वॉशिंग्टन, ना पिट्सबर्ग. कोलंबसने रेंजर्सपेक्षा सहा गुण जास्त मिळवले, आणि त्याबद्दल पदरात काय पडलं तर पिट्सबर्ग. मूळ दोष हाच. जिथे तिसऱ्यापेक्षा चौथं येणं सोयीचं ठरतं, ती पद्धत मोडीत काढावी, असं माझं ठाम मत आहे.

तेच आठ संघ नुसत्या गुणांवर लावले तर वॉशिंग्टन–टोरंटो आणि मॉन्ट्रियल–रेंजर्स या जोड्या होत्या तशाच राहतात. बदलतात फक्त दोन: पिट्सबर्ग–बॉस्टन आणि कोलंबस–ओटावा. एवढ्याशा बदलाने सगळं सुधारलं असतं. पुढच्याच वर्षी वेस्टमध्ये नॅशव्हिल (११७) आणि विनिपेग (११४), म्हणजे लीगमधले पहिले दोन, दुसऱ्या फेरीत भेटले. २०२२ ते २०२५ सलग चार वर्षं पहिली फेरी एडमंटन विरुद्ध लॉस एंजेलिस.

आखणी करायची तर माझ्या मते अशी. डिव्हिजन जिंकणाऱ्याला जागेची हमी द्या, पण मानांकनाची, म्हणजे जोड्या लावतानाच्या क्रमांकाची, नको. जुन्या पद्धतीत हीच चूक होती: २०११-१२ मध्ये ९४ गुणांच्या फ्लोरिडाला डिव्हिजन जिंकल्यामुळे तिसरं मानांकन मिळालं, आणि सहाव्या मानांकनाच्या न्यू जर्सीचे गुण होते १०२. गुण सारखे झाले तर आधी नियमित वेळेतले (जादा वेळ न लागता मिळालेले) विजय मोजा. २०१९-२० पासून नियम तोच आहे आणि तो चांगला आहे. आपसातले सामने आधी धरू नका, कारण ते कुठे तीन असतात, कुठे चार. तिनात एकाला घरच्या रिंकवर एक सामना जास्त मिळतो.

प्रत्येक फेरीनंतर मानांकन पुन्हा लावा: उरलेल्यांत सगळ्यात वरचा विरुद्ध सगळ्यात खालचा. म्हणजे पहिला आणि दुसरा कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीआधी भेटूच शकत नाहीत. अडचण तारखांची येते. बऱ्याच रिंक एनबीएच्या (बास्केटबॉल लीग) संघांबरोबर वाटून घेतलेल्या असतात, वर संगीताचे कार्यक्रम, आणि पहिल्या फेरीची शेवटची मालिका संपेपर्यंत जोड्या कळत नाहीत. म्हणून प्रत्येक संघाने दोन संभाव्य वेळापत्रकांच्या तारखा आधीच धरून ठेवाव्यात आणि दोन फेऱ्यांमध्ये दोन मोकळे दिवस ठेवावेत. १९९४ ते २०१३ लीग हेच फेरमानांकन करत होती. तेव्हा जमत होतं, आता न जमायला काय झालं?

प्रवासाची सबब मला सांगू नका. ईस्टचे सोळाही संघ एकाच टाइम झोनमध्ये आहेत. वेस्टमध्ये फरक फार तर दोन तासांचा, आणि वाइल्ड कार्डवाले तो आजही सोसतात. २०२५ मध्ये व्हेगास–मिनेसोटा मालिका झालीच. डिव्हिजनमधले संघ एकमेकांशीच जास्त खेळतात, हेही अर्धसत्य: २०२५-२६ मध्ये ८२ पैकी डिव्हिजनमधले सामने फक्त २६ होते.

राहिली ‘डिव्हिजनमधल्या जोड्यांनी चुरस वाढते’ ही बाजू. ऐंशीच्या दशकातल्या स्माइद डिव्हिजनचा (तेव्हा पहिल्या दोन फेऱ्या डिव्हिजनमध्येच होत) दाखला देणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. एडमंटन–कॅल्गरीची चुरस त्यांना आठवते. स्टार खेळाडू डेल हॉवरचकचं विनिपेग मात्र कोणाला आठवत नाही. १९८४-८५ मध्ये ९६ गुण मिळवूनही ते डिव्हिजनच्या अंतिम फेरीत एडमंटनकडून ४-० ने हरले, आणि १९८३ ते १९९० दरम्यान एडमंटननेच त्यांना सहा वेळा बाहेर काढलं. चांगल्या संघाची उमेदीची वर्षं अशी एकाच दारात संपली. चुरस दोघांची झाली, किंमत तिसऱ्याने मोजली.

तुमच्या १ ते १६ बद्दल: १९७९-८० आणि १९८०-८१ मध्ये लीगने ते केलं होतं. आजच्या २-२-१-१-१ मांडणीत (पहिले दोन सामने वरच्या मानांकनाच्या घरी, पुढचे दोन समोरच्याच्या, मग एकेक आळीपाळीने) सात सामन्यांच्या मालिकेत चार वेळा शहर बदलावं लागतं. दोन टोकांची व्हँकूव्हर–फ्लोरिडा जोडी पहिल्या फेरीतच पडली तर खेळाडूंचे हाल होतील. २-३-२ केलं तर प्रवास दोनदाच, पण खालच्या मानांकनाला घरी सलग तीन सामने मिळतात, आणि २-२ बरोबरी असताना पाचवा सामनाही त्यांच्याच रिंकवर. तो सौदा मला पटत नाही.

एक मान्य करतो. जादा वेळेत हरलेल्यालाही एक गुण मिळतो, म्हणजे काही सामन्यांत दोन गुण वाटले जातात, काहींत तीन. त्यामुळे १०३ आणि १०२ मधल्या फरकावर फार भरवसा ठेवता येत नाही. नियमित वेळेतल्या विजयाला तीन गुण दिले तर माझी १ ते ८ ची यादी आणखी पक्की होईल.