काळं काळंच दिसायला हवं

प्रश्न असा आहे : ज्याचं काम पुष्कळांनी पाहिलंय पण ज्याला कुणीच ओळखत नाही, असा एखादा कलाकार तुमच्या पाहण्यात आहे का?

होते एक. दोन वर्षांपूर्वी गेले. तोक्योत नोकरीला होतो तेव्हा त्यांच्याकडे माझं जाणं-येणं होतं. जपानी तलवारींच्या साजाचे फोटो काढणं हा त्यांचा धंदा. तलवारींचे फोटो ते घ्यायचे नाहीत. "पातं वेगळं, ते माझ्या हातचं नाही," म्हणायचे. नाव लिहीत नाही, कारण हयातभर त्यांनी ते कुठल्या फोटोखाली येऊ दिलं नाही. मी त्यांना सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणायचो. त्यावर ते हात झटकायचे.

साज म्हणजे काय ते आधी सांगतो. मूठ आणि पातं यांच्या मधली चकती म्हणजे त्सुबा, साधारण 7-8 सेंटिमीटर व्यासाची. मुठीला दोरी गुंडाळतात, तिच्याखाली जी इवली शिल्पं बसवलेली असतात ती मेनुकी. शिवाय मुठीच्या दोन्ही टोकांच्या टोप्या, म्यानाच्या कडेला खोचलेली छोटी सुरी, असं बरंच काही. 1876 साली जपानच्या मेइजी सरकारने लोकांना तलवार लावून फिरायला बंदी केली आणि हे घडवणाऱ्यांचं गिऱ्हाईकच संपलं. कानो नात्सुओसारखा थोर कारागीर त्याच सुमारास नव्या टांकसाळीच्या नाण्यांवरचे ड्रॅगन कोरत होता. त्सुबा पेट्या भरभरून युरोप-अमेरिकेत गेल्या. म्हणूनच आज यातली बरीचशी पारख वस्तू हातात न घेता, फोटो बघून होते. फोटो खोटं बोलला की सगळंच फसलं.

आणि या वस्तूंचा फोटो खरं बोलणं फार अवघड. शाकुदो नावाचा मिश्रधातू घ्या. तांब्यात थोडंसं सोनं, बहुधा 3 ते 5 टक्के. नुसता पाहिला तर तांब्यासारखाच. पण घडवून झाल्यावर रोकुशो या क्षाराच्या पाण्यात उकळला की काळा होतो, त्या काळ्यात निळसर-जांभळी झाक. जपानी लोक त्याला भिजलेल्या कावळ्याच्या पंखाचा रंग म्हणतात. आपला कॅमेरा काय करतो? काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि कावळ्याची राख होते. बाजारातल्या निम्म्या फोटोंत शाकुदो राखाडी दिसतो तो असा. सेन्सेई उजेड मोजणारा मीटर वस्तूवर लावायचेच नाहीत. वस्तूशेजारी करड्या रंगाचा कागद ठेवून त्याच्यावर एक्स्पोजर ठरवायचे. काळं काळंच दिसायला हवं, एवढंच म्हणणं.

दुसरी अडचण चकाकीची. गुळगुळीत धातू म्हणजे आरसा. त्याचा फोटो काढताना खरं तर समोर काय आहे त्याचाच फोटो निघतो : खिडकी, छत, तुमचा शर्ट. पाणी किंवा काच असेल तर लेन्सवर पोलरायझर लावून चकाकी मारता येते, धातूवर त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून ते वस्तूला काय दिसावं हेच ठरवायचे. वर ट्रेसिंग पेपर, त्यातून गाळून आलेला उजेड, आणि कॅमेऱ्याभोवती मधोमध भोक पाडलेला काळा पुठ्ठा. मग जिथे सोन्याचं जडवकाम असेल तिथे नखाएवढा पांढरा कागद चिमट्याने धरायचा. सोन्याला समोर काही उजळ दिसलं नाही तर ते पितळेहून मळकट वाटतं. तो कागद इकडेतिकडे सरकवण्यात अर्धा दिवस गेलेला मी पाहिलाय. (मी चहा प्यायचो. मदत करू गेलो की कागद हलायचा.)

लोखंडी त्सुबा मात्र भराभर व्हायच्या. एकच दिवा, खूप खाली, तिरपा. हातोडीचे घाव आपोआप वर येतात.

आता माझी फजिती. एका देवळाच्या आवारातल्या जुन्या बाजारातून मी लोखंडाची जाळीदार त्सुबा घेतली होती. विकणारा म्हणाला इदो काळातली आहे, म्हणजे 1868 च्या आधीची. वर सही होती, मी खूश. सेन्सेईंना दाखवली. त्यांनी हात धुतले, कोरडे केले, कडेला धरून खिडकीशी नेली आणि बराच वेळ नुसती कलती करत राहिले. चांगली-वाईट काही बोलले नाहीत. "फोटो काढू?" एवढंच विचारलं.

आठवड्याने तीन प्रिंट दिले. एक समोरून. दुसरा सहीचा, उजेड अक्षरांना आडवा टाकलेला. खऱ्या सहीत छिन्नीने बाजूला सारलेला धातू रेघेच्या काठाशी जाणवतो. इथे काठ वितळल्यासारखे गोल होते. तिसरा प्रिंट जाळीच्या आतल्या भिंतीचा. ती बाजू कधी बघायची असते हे मला ठाऊकच नव्हतं. तिच्या मधोमध केसासारखी बारीक रेघ, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली. माझी त्सुबा ओतीव होती, हाताने घडवलेली नव्हे, साच्यातून काढलेली नक्कल.

मी मान वर केली तर ते चहा ओतत होते. म्हणाले, "फोटो मात्र चांगला आलाय."

पैसे घ्यायला तयार होईनात. शेवटी हापूसच्या आमरसाचा डबा नेऊन दिला, तो त्यांनी दह्यात घालून खाल्ला.

त्सुबा घर बदलताना कुठेतरी हरवली. ते तीन प्रिंट पुण्यात माझ्या टेबलावर काचेखाली आहेत. येणारे-जाणारे पहिल्याचं कौतुक करतात, तिसऱ्यावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारतात.