आजाऱ्याचं अंथरूण जाळू नका

प्रश्न असा: गाद्या, पडदे, सोफा यांच्यातून विषाणू घरातल्या हवेत येतात का, आणि आजारातून उठलेल्याचं अंथरूण फेकावं का?

येतात. तरी फेकू नका, आणि जाळू तर मुळीच नका.

२०२१ च्या एप्रिलात आमच्या सासूबाईंना कोरोना झाला. आमचं गाव यवतमाळच्या दारव्हा तालुक्यात. त्या बऱ्या झाल्या आणि भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, त्यांची गादी, उशी, वाकळ सगळं शेताच्या धुऱ्यावर नेऊन पेटवलं. "जाळा ते, नाहीतं घरभर पसरन." वाकळ सासूबाईंच्या आईच्या हातची होती, आत तिच्याच लुगड्यांचे थर. मी म्हणत होते, स्लॅबवर उन्हात टाका, तापू द्या दोन-तीन दिवस. एप्रिलचं ऊन आहे आपल्याकडचं! सुनेचं कोण ऐकतो. सासूबाईंना तर विचारलंही नाही.

आणि हीच मंडळी, त्या तापानं फणफणत होत्या तेव्हा, खिडक्या लावून, कूलर आत ठेवून त्याच खोलीत झोपत होती. खिडकी उघडली की म्हणे आजाऱ्याला वारं लागते. पुढे घरातले बाकीचे पडले, तर खापर वाकळीवर. त्याच महिन्यात अमेरिकेच्या सीडीसीनं, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, सांगितलं होतं की दूषित वस्तूला हात लागून कोरोना व्हायची शक्यता साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी. तो पसरतो माणसाच्या श्वासातून, बंद खोलीत साचलेल्या हवेतून.

जाळायची भीती देवीच्या रोगाच्या काळात खरी होती. खपल्या अंथरुणात पडायच्या, त्यात विषाणू महिनोन्‌महिने टिकायचा, रुग्णाचे कपडे धुणाऱ्यांनाही देवी व्हायची. पण भारतातली देवी १९७५ मध्ये संपली. फ्लूचा विषाणू कापडावर आठ-बारा तास तग धरतो, गुळगुळीत स्टील-प्लॅस्टिकवर दिवस-दोन दिवस. म्हणजे वाकळीपेक्षा पाण्याचा गडवा जास्त वेळ धोक्याचा.

धूळ मात्र खरी गोष्ट आहे. २०२० मध्ये गिनीपिगांवर प्रयोग झाला. ज्यांना फ्लू होऊच शकत नव्हता अशांच्या अंगाला विषाणू फासला, तरी त्यांच्या अंगावरून उडालेल्या धुळीतून शेजारच्या पिंजऱ्यातल्या काहींना फ्लू झाला. म्हणून आजाऱ्याची चादर घरात झटकू नका. हळूच गुंडाळा, तोंडाला फडकं बांधा, साबणाच्या गरम पाण्यात टाका. न धुता येणारं अंथरूण उन्हात. खिडकी रात्रंदिवस उघडी.

उलट्या-जुलाबाचं वेगळं. नोरोव्हायरसला साबणानं फुटणारं चरबीचं कवच नसतं, तो सतरंजी-गालिच्यात बरेच दिवस राहतो. तिथे ब्लीचिंगचं पाणीच लागतं. गोवर तर माणूस खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत असतो, त्यात गादीचा काय दोष?

तुमच्याही घरात कोणी काडेपेटी घेऊन निघालं असेल, तर अंथरूण ज्याचं आहे त्याला आधी विचारा म्हणावं. आणि गादी पिंजायला द्यायची असेल तर चांगली तापवून मगच द्या, तिची धूळ पिंजाऱ्याच्या नाकात जाते.