लंडनला निघालेल्या विद्यार्थ्यास पत्र: आधी इंटर्नशिप की थेट नोकरी?

वाशी, नवी मुंबई

चिरंजीवास सप्रेम आशीर्वाद.

लंडनच्या एका वर्षाच्या फायनान्स मास्टर्सला तुला प्रवेश मिळाल्याचे वाचून आनंद झाला, पण तुझ्या पत्रातला खरा प्रश्न पुढचा होता. ऐरोलीच्या कार्यालयात दोन वर्षे परदेशी बँकांसाठी कंपन्यांची प्रोफाइल्स आणि मूल्यांकनाचे तक्ते तयार केल्यावर, वर मास्टर्सही झाल्यावर, पुन्हा इंटर्न म्हणून कोणाच्या तरी हाताखाली बसायचे की थेट ग्रॅज्युएट प्रोग्रॅमलाच, म्हणजे नव्या पदवीधरांच्या कायम नोकरीलाच, अर्ज करायचा, असे तू विचारले आहेस. तुझ्या वडिलांना पहिली कल्पना कमीपणाची वाटते, हेही तू लपवलेले नाहीस. हा प्रश्न मानापमानाच्या अंगाने सोडवू नये, असे मला वाटते. तुझा कोर्स कोणत्या तारखेला संपतो, त्यानंतर व्हिसा किती महिने हाताशी राहतो आणि समोरची संस्था तुला स्पॉन्सर करू शकते का, म्हणजे तुझ्या कामाच्या व्हिसाची हमी घेऊ शकते का, एवढे कागदावर मांडलेस की बरेचसे उत्तर त्यातूनच निघते.

लंडनच्या मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका ॲनालिस्टच्या, म्हणजे सर्वांत कनिष्ठ बँकरच्या, बहुतेक जागा आदल्या उन्हाळ्यातील इंटर्नमधून भरतात. तिथल्या मुलांची वाट पदवीच्या पहिल्या वर्षी स्प्रिंग वीकपासून, म्हणजे बँकेतल्या काही दिवसांच्या ओळखभेटीपासून, सुरू होते. शेवटच्या आधीच्या वर्षी नऊ-दहा आठवड्यांची समर इंटर्नशिप होते, तिच्या अखेरीस रिटर्न ऑफर, म्हणजे त्याच बँकेत कायम नोकरीचा प्रस्ताव, मिळते किंवा मिळत नाही, आणि ज्यांना मिळाली ते पदवीनंतर रुजू होतात. ग्रॅज्युएट प्रोग्रॅमची जाहिरात येते ती त्यानंतर उरलेल्या जागांसाठी, आणि काही ठिकाणी त्या जवळजवळ उरतच नाहीत. आपल्याकडे सीए होणाऱ्याने आर्टिकलशिप केली म्हणून त्याला कोणी कमी लेखत नाही. तिथे इंटर्नशिपचे स्थान साधारण तेच आहे, एवढे वडिलांना सांगितलेस तरी त्यांचा निम्मा आक्षेप मिटेल.

तुझी अडचण वेगळी आहे. एका वर्षाच्या मास्टर्सला शेवटच्या आधीचे वर्ष नसतेच, त्यामुळे तिथे तीन वर्षांत उलगडणारे वेळापत्रक तुझ्या वाट्याला काही आठवड्यांत येते. २०२७ च्या उन्हाळ्यातील इंटर्नशिपचे अर्ज २०२६ च्या जुलै-सप्टेंबरच्या सुमारास उघडतात, आणि अनेक बँका ते येतील तसे तपासत जातात, म्हणजे अंतिम तारखेची वाट पाहणाऱ्यासाठी फारसे काही शिल्लक राहत नाही. तू विमानात बसण्यापूर्वीच तुझे पहिले अर्ज गेलेले असले पाहिजेत. प्रत्येक जाहिरातीत पदवी पूर्ण होण्याचा अपेक्षित कालावधी दिलेला असतो. सारी वाक्ये सोडून आधी तेवढे वाच, कारण तू त्यात बसत नसशील तर उत्तम सीव्हीचाही उपयोग होत नाही.

येथे एक नियम अनेकांच्या लक्षातच येत नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवी-पातळीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्याचा उन्हाळा, म्हणजे प्रबंध लिहिण्याचा काळ, सामान्यतः सत्रातच धरला जातो. पदवीच्या मुलांना तो सुट्टीचा असतो, तुला नसतो. त्यामुळे सप्टेंबरअखेर संपणाऱ्या कोर्सच्या विद्यार्थ्याने जूनमध्ये पूर्णवेळ इंटर्नशिपला रुजू होणे व्हिसाच्या अटींचा भंग ठरू शकते. काही विद्यापीठांचे कोर्स नऊ-दहा महिन्यांत संपतात, आणि तेथील विद्यार्थ्यांना तोच उन्हाळा मोकळा मिळतो. तुझ्या कोर्सची अधिकृत अखेरची तारीख कोणती आणि प्रबंधाचा काळ सत्रात मोडतो का, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेलने विचारून लेखी उत्तर घे. व्हॉट्सॲप ग्रुपवरील सीनियरच्या सांगण्यावर विसंबू नकोस. त्याचा कोर्स तुझ्यापेक्षा वेगळा असतो.

उत्तर प्रतिकूल आले तर माझ्या मते तुझ्यासाठी खरे दार ऑफ-सायकल, म्हणजे उन्हाळ्याच्या ठरलेल्या चक्राबाहेरच्या, इंटर्नशिपचे आहे. ती तीन ते सहा महिन्यांची असते, बहुधा जानेवारीत किंवा जुलैत सुरू होते, आणि एखाद्या टीमला माणूस हवा झाला की वर्षाच्या मध्येही निघते. तिच्या मुलाखतीही वेगळ्या असतात. समर इंटर्नमध्ये पुढे काय होऊ शकेल हे पाहतात. ऑफ-सायकलमध्ये सोमवारी आलेल्या माणसाने मंगळवारी मॉडेल, म्हणजे कंपनीच्या आकड्यांचा हिशेबी तक्ता, हाताळावे अशी अपेक्षा असते, म्हणून तांत्रिक प्रश्नांवर जोर असतो. घसारा, म्हणजे मालमत्तेच्या झिजेपोटी धरलेला खर्च, १० पौंडांनी वाढला तर नफा-तोटा, रोकड प्रवाह आणि ताळेबंद या तिन्ही वित्तीय पत्रकांवर काय परिणाम होतो, हा जुना प्रश्न अजूनही विचारतात, आणि २५ टक्के कर धरून नफा ७.५ ने घटतो, कर वाचल्याने रोकड २.५ ने वाढते, मालमत्तेचे पुस्तकी मूल्य १० ने उतरते व ताळेबंद जुळतो, हे न अडखळता सांगता आले पाहिजे. ऐरोलीची तुझी दोन वर्षे येथेच कामाला येतात. सीव्हीमध्ये ‘सहाय्य केले’ असे मोघम लिहू नकोस. कोणत्या क्षेत्रातील किती कंपन्यांचे तुलनात्मक मूल्यांकन तू स्वतः केलेस ते लिही, ग्राहकाचे नाव मात्र कोठेही उघड करू नकोस.

आता महिन्यांचा हिशेब. १ जानेवारी २०२७ पासून ग्रॅज्युएट रूटसाठी, म्हणजे शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहून काम करू देणाऱ्या व्हिसासाठी, अर्ज करणाऱ्या मास्टर्सधारकांना दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळतात, आणि तो व्हिसा वाढवून मिळत नाही. अर्ज करता येतो तो कोर्स यशस्वीपणे पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्यावरच, त्यामुळे निकालाची तारीखही महत्त्वाची ठरते. २०२७ च्या डिसेंबरच्या सुमारास तुझा व्हिसा सुरू झाला असे धरू. जानेवारी ते जून २०२८ ऑफ-सायकल केलीस तर पूर्णवेळ नोकरीसाठी पुढचे साधारण एक वर्ष उरते, आणि त्या अवधीत स्पॉन्सर मिळालाच पाहिजे. म्हणजे एक इंटर्नशिप सहज बसते, दुसरी ओढूनताणून बसते आणि तिसरीला जागा नाही. स्पॉन्सरमार्फत मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण किमान वेतनमर्यादा जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड आहे, आणि अभ्यासक्रमातून नुकत्याच बाहेर पडलेल्यांना त्यात सवलत आहे. मोठ्या बँकेतील ॲनालिस्टचा पगार ही मर्यादा सहज ओलांडतो, त्यामुळे तिथे वेतनाचा अडसर क्वचितच येतो. छोट्या बुटीक फर्मकडे, म्हणजे मोजक्याच प्रकारची कामे करणाऱ्या लहान सल्लागार संस्थेकडे, मात्र अनेकदा स्पॉन्सर परवानाच नसतो, आणि सहा महिने उत्तम काम करूनही शेवटी हस्तांदोलन तेवढे हाती येते. परवानाधारकांची यादी ब्रिटनचे गृहखाते सार्वजनिक ठेवते; मुलाखतीला जाण्यापूर्वी ती पाहायला पाच मिनिटे पुरतात.

ग्रॅज्युएट नोकरी हातात असताना इंटर्नशिप नाकारावी का, याचे उत्तर ती नोकरी कोणत्या विभागातील आहे यावर ठरते. ठाण्यात एखाद्या लग्नाच्या पंगतीत ‘मुलगा लंडनच्या बँकेत आहे’ एवढ्यावर सर्वांचे समाधान होते, विभाग कोणी विचारत नाही; पुढची नोकरी देणारा मात्र पहिल्याच मिनिटाला विचारतो. मोठ्या बँकेच्या ऑपरेशन्समधील, म्हणजे व्यवहारांची पडद्यामागची कामे करणाऱ्या विभागातील, कायम नोकरी आणि परवाना असलेल्या मध्यम फर्मच्या एम अँड ए (कंपन्यांचे विलीनीकरण व खरेदी) टीममधील इंटर्नशिप समोर असतील, तर मी इंटर्नशिप घ्यायला सांगेन, कारण ऑपरेशन्समधून डीलच्या बाजूला सरकणे कठीण असते, आणि ऐरोलीतल्यासारखेच पडद्यामागचे काम लंडनच्या घरभाड्यात करण्यासाठी कर्ज काढण्याची गरज नव्हती. याउलट मोठ्या लेखा फर्मच्या व्हॅल्युएशन्स (मूल्यांकन) किंवा ट्रान्झॅक्शन सर्व्हिसेस (कंपनी खरेदी-विक्रीआधीची आर्थिक तपासणी) विभागातील स्पॉन्सरसह लेखी ऑफर आली, आणि दुसऱ्या हातात नामांकित बँकेची कोणतेही आश्वासन नसलेली ऑफ-सायकल असेल, तर ऑफर घे. त्या विभागांतून दोन-तीन वर्षांनी बँकिंगकडे जाणारे बरेच असतात. तुझ्याऐवजी एखाद्या कर्जमुक्त घरातील मुलगा असता तर कदाचित मी उलट सांगितले असते, हेही मान्य करतो.

इंटर्नशिप स्वीकारण्यापूर्वी अवघडल्यासारखे न वाटून घेता तीन गोष्टी विचार: गेल्या वर्षीच्या इंटर्नपैकी किती जण कायम झाले, पुढील वर्षाच्या जागेला मंजुरी मिळालेली आहे का, आणि कायम केल्यास स्पॉन्सर करणार का. उत्तरे टाळली गेली तर तेही उत्तरच समज. शिवाय या महिन्यांत तूही त्यांची परीक्षा घेत असतोस. २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्सला इंटर्नांनी मध्यरात्र ते सकाळी सात कार्यालयात थांबू नये असा नियम करावा लागला, आणि जेपी मॉर्गनने २०२४ मध्ये कनिष्ठ बँकरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. मर्यादाच ८० असेल तर रोजचे काम किती, याचा विचार तू कर.

अमेरिकेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण वडील विचारतीलच: तिथे ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) कोर्स असेल तर आणखी २४ महिने मिळतात, पण त्यानंतर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत आहे, आणि तुझा प्रवेश लंडनचा आहे. शैक्षणिक कर्जाच्या करारात हप्ते सुरू होण्याची तारीख शोध. कोर्सनंतर सहा महिने ते वर्षभर सवलत असते, व्याज मात्र चालूच राहते. ती तारीख २०२८ च्या जूनआधी पडत असेल तर जानेवारीतील इंटर्नशिपच्या मानधनातून हप्ता निघतो का, हे आताच मांडून ठेव. विद्यापीठाचे उत्तर आणि सीव्हीचा मसुदा जुलै संपण्याआधी पाठव. वडिलांना घेऊन एखाद्या रविवारी वाशीला ये. ट्रान्स-हार्बरने ठाण्याहून थेट गाडी आहे, आणि कर्जाचे कागद बरोबर आण.

कळावे, लोभ असावा.

तुझा शुभचिंतक