अपडेट केलं आणि टूलबारची चित्रं गायब

प्रश्न: दुकानाच्या बिलिंगसाठी पायथॉन आणि जीटीके ३ (खिडक्या-बटणं बनवायचं टूलकिट) वापरून छोटा प्रोग्राम लिहिलाय, बरीच वर्षं नीट चालत होता. परवा लिनक्स अपडेट केलं तर काही बटणांवर चित्राऐवजी 'इमेज मिसिंग'चं चिन्ह यायला लागलं. कोडला हात लावला नाही, जीटीकेपण ३ च आहे. मग बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी (जुने प्रोग्राम अपडेटनंतरही चालत राहणं) गेली कुठं?
– एक वाचक, मिरज

उत्तर: राग येईल, पण जीटीकेच्या हिशोबाने काहीच मोडलेलं नाहीये. तुम्ही कोडमध्ये फक्त आयकॉनचं नाव देता, चित्र प्रोग्राम चालू असताना शोधलं जातं, आधी चालू थीममध्ये (म्हणजे आयकॉनच्या संचात), मग ती ज्या थीमवर बेतलीय तिच्यात, शेवटी हायकलर नावाच्या सामायिक थीममध्ये, आणि कुठंच नाही सापडलं की ते चिन्ह. म्हणजे फंक्शनं एका पॅकेजात आणि चित्रं दुसऱ्यात! नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या ॲडवायटा थीमने २०२४ च्या ४६ व्या आवृत्तीत बरीच जुनी चित्रं काढून वेगळ्या लेगसी (म्हणजे जुन्या सामानाच्या) पॅकेजात टाकली. तुमच्याकडे हीच थीम असेल तर आधी 'ॲडवायटा-आयकॉन-थीम-लेगसी' इन्स्टॉल करून बघा, बहुतेक तेवढ्यानेच भागेल.

पण ते तात्पुरतं. कोडमध्ये 'जीटीके-सेव्ह' छापाची स्टॉक नावं (जीटीकेच्या तयार बटणांची जुनी नावं) असतील तर ती २०१३ मध्ये ३.१० पासूनच डेप्रिकेटेड (चालतात, पण वापरू नका अशी) आहेत आणि जीटीके ४ मध्ये तर काढूनच टाकलीत. स्टॉकमध्ये चित्राबरोबर लेबल, शॉर्टकट, भाषांतर सगळं आयतं मिळायचं, आता लेबल स्वतः लिहावं लागतं. नावं फ्रीडेस्कटॉपच्या (लिनक्स डेस्कटॉपांचे सामायिक नियम ठरवणाऱ्या प्रकल्पाच्या) यादीतली घ्या, 'डॉक्युमेंट-सेव्ह', 'एडिट-कॉपी' वगैरे, ती जवळपास सगळ्या थीमवाल्यांकडे असतात. आणि 'उधारी'सारखं फक्त तुमच्याच कामाचं बटण असेल तर त्याची एसव्हीजी (चित्राची) फाइल जीरिसोर्समध्ये (प्रोग्रामसोबत बांधायच्या फाइलींच्या गठ्ठ्यात) घालून प्रोग्रामसोबतच द्या, आपल्या मशीनवर योगायोगाने सापडलेल्या नावावर विसंबू नका.

माझं मत विचाराल तर त्याच नावाखाली नवीन चित्र आणायचा टूलकिटवाल्यांना पूर्ण हक्क आहे, रोज बघणाऱ्याला दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं एवढंच. नावच उडवणं मात्र चुकीचं. टँगो या जुन्या आयकॉन प्रकल्पाच्या काळात नावं बदलली तेव्हा जुन्या नावांच्या सिमलिंक (नव्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) बनवणारी स्क्रिप्टच होती, त्यामुळे जुने प्रोग्राम बिचारे चालत राहिले, हे आत्ताही करता आलं असतं की.

प्रश्न: नवीन आयकॉन एकरंगी आहेत, आमच्या मुनीमकाकांना प्रिंट आणि सेव्हमधला फरकच कळत नाही. काय करू?
– तेच वाचक

उत्तर: ते सिम्बॉलिक आयकॉन, अक्षरांचाच रंग घेतात म्हणून डार्क मोडमध्येही दिसतात. काकांसाठी टूलबारची स्टाइल चित्र अधिक मजकूर अशी ठेवा आणि खाली मराठीत 'छापा', 'जतन करा' लिहा. मग जीटीके इन्स्पेक्टर (चालू प्रोग्राम तपासायचं जीटीकेचंच साधन) उघडून आयकॉन थीम दोन-तीनदा बदलून बघा, कुठलं बटण रिकामं पडतंय ते लगेच दिसेल.