सिममध्ये लुक्लाला उतरता येतं, मग खऱ्या डोंगरी धावपट्टीवरही जमेल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (संगणकावर विमान उडवण्याचा ‘सिम’) नेपाळमधल्या लुक्लाच्या डोंगरी विमानतळावर सेसना १७२ हे छोटं विमान नेताना दर वेळी एकतर धावपट्टीच्या अलीकडच्या कड्यावर आदळता, नाहीतर निम्मी पट्टी संपल्यावर चाकं टेकतात. हे का होतं? आणि हे जमायला लागलं, की खऱ्या डोंगरी पट्टीवर उतरता येईल का? दुसऱ्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही. पण त्याचं कारण तुम्हाला वाटतंय ते नसावं.

आधी तुमच्या आदळण्याकडे येऊ. लुक्लाची पट्टी ५२७ मीटर लांब आहे आणि तिला ११.७ टक्के चढ आहे. म्हणजे खालच्या टोकापासून वरचं टोक साठेक मीटर उंच. अंशांत सांगायचं तर ६.७. तुमचे डोळे सपाट पट्ट्यांवर तयार झालेत. चढाची पट्टी समोरून उभी केल्यासारखी दिसते, त्यामुळे आपण फार उंचावर आहोत असं वाटतं आणि हात आपोआप नाक खाली घालतात. शेवटच्या काही सेकंदांत कळतं की आपण कड्याच्याही खाली चाललोय. मग घाबरून पॉवर दिली की विमान तरंगत निम्म्या पट्टीपर्यंत जातं. थोडक्यात, तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे.

पट्टीच्या आकारावर विश्वास ठेवूच नका. टेकायची जागा नक्की करा, कड्यापासून थोडी आत, आणि ती जागा समोरच्या काचेवर स्थिर राहते का तेवढंच बघा. ती काचेवर वर सरकायला लागली तर तुम्ही अलीकडे पडणार. खाली सरकली तर पलीकडे जाणार. बाकी दृश्य कितीही भीतीदायक दिसलं तरी वेग आणि ही जागा, दोनच गोष्टी.

फ्लेअरही, म्हणजे टेकण्याआधी नाक वर उचलणंही, वेगळा असतो. ३ अंशांनी खाली येणारं विमान ६.७ अंशांच्या चढाला समांतर करायचं, म्हणजे नाक जवळजवळ १० अंश फिरवायचं. सपाट पट्टीवर थ्रॉटल (पॉवरचा दांडा) बंद करून हलकेच ओढायची सवय असते. इथे तसं केलंत तर वेग मध्येच संपतो आणि विमान धाडकन बसतं. थोडी पॉवर ठेवूनच फ्लेअर करायचा, आणि टेकल्यावरही वरच्या सपाट भागापर्यंत पोचायला पॉवर लागते. मध्येच चढावर थांबलात तर हलक्या विमानाला पुन्हा हलवणं जड जातं.

आता हवा. लुक्ला सुमारे ९,३०० फुटांवर आहे. प्रमाण वातावरणात (विमानांचे हिशेब ज्या ठरावीक हवेवर करतात त्यात) तिथे उणे ३-४ अंश तापमान धरलेलं असतं. दिवसा १५ अंश असेल, तर विमानाच्या दृष्टीने तुम्ही साडेअकरा हजार फुटांवर आहात. हवा विरळ असल्याने वेगमापकावर ७५ नॉट (तासाला सुमारे १४० किलोमीटर) दिसत असतात तेव्हा प्रत्यक्ष वेग ९० च्या आसपास असतो. दरी जास्त वेगाने अंगावर येते असं वाटतं, ते खरंच आहे. आणि बिनटर्बोची १७२ त्या हवेत भरलेल्या वजनाला मिनिटाला जेमतेम दोन-अडीचशे फूट चढते. त्यात सिमवाल्यांची नेहमीची खोड: उतरण्याआधीच्या चेकलिस्टमध्ये लिहिलंय म्हणून मिक्स्चर फुल रिच करतात, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत इंधनाचं प्रमाण सर्वांत जास्त ठेवतात. एवढ्या उंचीवर ते केलंत तर उरलीसुरली पॉवरही गेली.

हे सगळं सिममध्ये शिकता येतं, आणि चांगलं शिकता येतं. फक्त सेटिंग तपासा. जुन्या एफएसएक्समध्ये (मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये) अख्ख्या विमानतळाला एकच उंची असायची, पट्टी सपाट. त्यावर केलेला सराव उलट नुकसान करतो. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये धावपट्ट्या जमिनीच्या चढउतारांनुसार ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये लुक्ला आणि फ्रान्सच्या आल्प्समधलं कूरशव्हेल दोन्ही हाताने घडवलेले आहेत. कूरशव्हेल जरूर करून बघा: ५३७ मीटर पट्टी आणि चढ १८.५ टक्के. तिथून परत लुक्लाला आलात की लुक्ला जरा माणसात आल्यासारखं वाटतं.

मग ‘नाही’ कशासाठी म्हणालो? कारण डोंगरी उड्डाणात उतरणं हा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. खरा प्रश्न असतो: परत कुठून फिरता येईल आणि कुठून येणार नाही. लुक्लाच्या पट्टीच्या वरच्या टोकाला डोंगर आहे. एका ठरावीक जागेनंतर गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर चढणं) नावाची गोष्टच उरत नाही. प्रत्येक दरीत अशी एक जागा असते, आणि ती बऱ्याचदा पट्टीच्या खूप आधी येते.

हिशेब करून बघा. ९० नॉट खऱ्या वेगाने ३० अंश कलून मागे वळायला सुमारे ७६० मीटर रुंदी लागते. १२० नॉट असेल तर साडेतेराशे. ४५ अंश कललात तर ९० नॉटला साडेचारशेच्या आत भागतं, पण पातळी राखून वळताना स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो) १९ टक्क्यांनी वाढलेला असतो. म्हणून दरीच्या मधोमध उडायचं नाही. एका अंगाने उडायचं, म्हणजे वळायला सगळी रुंदी हाताशी राहते. नवखे हमखास मधून उडतात, कारण दोन्ही बाजूंचे कडे लांब वाटतात. मी डोंगरात शिकत होतो तेव्हा प्रशिक्षक दर दोन-तीन मिनिटांनी एकच विचारायचे, “आत्ता वळता येईल?” उत्तर द्यायला वेळ लागला तर म्हणायचे, “मग वळाच.” पट्टी अजून दिसतही नसायची.

अपघातांकडे बघा. ऑक्टोबर २००८ मध्ये लुक्लाला येणारं ट्विन ऑटर (आखूड पट्ट्यांवर चालणारं दोन इंजिनांचं छोटं प्रवासी विमान) शेवटच्या टप्प्यात धुक्यात शिरलं आणि पट्टीच्या जरा खाली धडकलं. १८ जण गेले, फक्त कॅप्टन वाचले. मे २०२२ मध्ये पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं ट्विन ऑटर पट्टीपर्यंत पोचलंच नाही, ढगाळ हवेत डोंगरावर आदळलं. विमानातले सगळे २२ जण गेले. नेपाळच्या नागरी विमान प्राधिकरणाने लुक्लासाठी कॅप्टनला घातलेली अट याच अनुभवातून आलेली दिसते: आखूड पट्ट्यांवरची किमान १०० उड्डाणं, नेपाळमध्ये अशा उड्डाणांचं एक वर्ष, आणि लुक्लाला प्रशिक्षकासोबत १० फेऱ्या. इतकं करून सूट मिळते ती एका पट्टीपुरती.

सिममध्ये नेमकी उलटी सवय लागते. बिघडलेला अप्रोच (उतरण्यासाठी पट्टीकडे येणं) पुढे रेटायचा, आदळलं तर रिस्टार्ट. दहातला एक जमला की त्याचा व्हिडिओ. उरलेले नऊ कुणी दाखवत नाही. माझं स्पष्ट मत: रिस्टार्ट बटणाने जितके वाईट निर्णय शिकवलेत तितके खराब जॉयस्टिकनेही शिकवले नसतील.

तेव्हा पुढचे काही दिवस लुक्ला बाजूला ठेवा आणि पोखरा ते जोमसोम करा. धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्यामधून काली गंडकीची दरी जाते. ऊन चढलं की दक्षिणेकडून जोराचा वारा सुटतो, त्यामुळे तिथली उड्डाणं सकाळीच उरकतात. सिमचं ‘रिअल वेदर’ दरीतला असा वारा नीट दाखवत नाही, म्हणून हाताने लावा: दक्षिण-नैऋत्येचा, २५ नॉट, ढग दरीच्या निम्म्या उंचीवर. निघण्याआधी नकाशावर वळायच्या तीन जागा खूण करून ठेवा. तिसरी मागे टाकण्याआधी पुढची पूर्ण दरी दिसली नाही तर परत पोखरा, आणि ते उड्डाण यशस्वी म्हणून वहीत लिहा. ट्विन ऑटर घ्या. १७२ घेऊन तिथे जाण्यात फुशारकीशिवाय काही नाही.

कोणता सिम आणि कोणती आवृत्ती वापरता ते कळवा. थ्रॉटलची सेटिंग्ज त्याप्रमाणे सांगतो.