ना-हरकत अध्यक्षांची की लेआउटची?

प्रश्न : नागपूरच्या मानेवाडा भागातल्या आमच्या लेआउटमध्ये रहिवाशांचं नोंदणीकृत मंडळ आहे, मी त्याचा सचिव. लेआउटच्या खुल्या जागेत उंच जलकुंभ बांधायचा पालिकेचा प्रस्ताव आहे. अध्यक्षांनी सभा न घेताच मंडळाच्या लेटरहेडवर ना-हरकत देऊन टाकली. मागच्या गल्ल्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, त्यांना टाकी हवी. मैदानासमोरच्या आम्हा लोकांना ती नको. दिवाणी न्यायालयातून स्टे मिळेल का?

उत्तर : सचिवसाहेब, दिवाणी स्टेची फार आशा धरू नका. असा मनाई हुकूम ज्या कायद्याखाली मागतात, त्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली. पायाभूत प्रकल्पाचं काम रखडेल असा मनाई हुकूम देता येणार नाही, हे तेव्हा कलम ४१ मध्ये आलं. त्या कायद्याच्या परिशिष्टात पाणीपुरवठ्याच्या जलवाहिन्या नावानिशी आहेत. टाकीचं नाव तिथे नाही, यावर मी तासभर बोलू शकेन. पण वाहिनीत पाणी टाकीतूनच येतं, हे समोरचा वकील एका वाक्यात सांगून खाली बसेल.

तुमचा खरा मुद्दा त्या लेटरहेडमध्ये आहे. २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, ती लेआउटच्या खुल्या जागेत पाण्याच्या टाकीला मुभा देते, मग टाकी जमिनीखालची असो वा उंच. अट एकच, रहिवाशांच्या संस्थेची संमती हवी. म्हणजे ही टाकी उभी राहणार ती अध्यक्षांच्या सहीवर! आणि संस्था आपली संमती ठरावातून देते, अध्यक्षांच्या मर्जीतून नाही.

इतिवृत्ताची वही सचिव म्हणून तुमच्याकडे असेल. शेवटच्या सभेच्या पानाची प्रत जोडून आयुक्तांना लिहा की असा ठराव मंडळाने केलेला नाही, सबब ती ना-हरकत मंडळाची समजू नये. पत्र आवक शाखेत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. हे लवकर करा, कारण मागच्या तारखेचा ठराव लिहिण्याचा मोह अध्यक्षांना होऊ शकतो. तुम्हालाही होईल, तो टाळा. असली खोटी पानं उलटतपासणीत उघडी पडताना मी पाहिली आहेत.

आता तुमची कच्ची बाजू. सध्याच्या कार्यकारिणीचा फेरफार अहवाल, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद, धर्मादाय कार्यालयात दाखल आहे का? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. आपल्याकडची अर्धी मंडळं देत नाहीत. मग 'तुम्ही सचिव कोण?' या पहिल्याच प्रश्नाला प्रकरण अडतं. राहिला असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज जोडून आत्ताच दाखल करा.

दुसरं, जागा नेमकी काय आहे ते पाहा. नागपूर सुधार प्रन्यासच्या मंजूर नकाशात ती 'खुली जागा' आहे, की पब्लिक युटिलिटी, म्हणजे पाणी-विजेसारख्या सुविधांसाठी राखलेली जागा? तुमच्या आरएलसोबतचा, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या प्रन्यासच्या पत्रासोबतचा नकाशा काढा, बिल्डरचं जुनं पत्रक नको. पब्लिक युटिलिटी निघाली तर तुमचा मुद्दा तिथेच संपला, समजा. विकास आराखड्यात ती मैदान म्हणून आरक्षित असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे वापर बदलायला एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम ३७ लागतं. राजपत्रात सूचना, हरकतींसाठी महिनाभर मुदत, सुनावणी, मग शासनाची मंजुरी. हे काही झालं आहे का, ते माहिती अधिकारात विचारा. नुसत्या प्रती मागू नका, फाईल पाहायला मागा. प्रतींमध्ये बहुधा टिपणीची पानं नसतात, आणि सगळा मामला टिपणीतच असतो.

एवढे कागद हाती आले की राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट करता येते. रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने बंगळुरूच्या मुद्दप्पा प्रकरणात १९९१ मध्येच मान्य केलं. मात्र तिथे उद्यानाची जागा खासगी नर्सिंग होमला दिली होती. इथे टाकी सार्वजनिक आहे, तेव्हा तो निकाल दारातून आत जाण्यापुरता कामाचा. आणि टाकीचे कॉलम उभे राहिल्यावर गेलात, तर 'इतके दिवस कुठे होता?' असं विचारतीलच.

मागणी काय करायची तेही ठरवा. 'टाकी नको' म्हणाल, तर मागच्या गल्लीतले लोक टँकरचे फोटो घेऊन हस्तक्षेप अर्ज करतील आणि न्यायमूर्तींची नजर तिकडेच जाईल. (टाकीवरून घरात दिसतं, प्लॉटचे भाव पडतात, हे मुद्दे अर्जात घालूच नका.) त्यापेक्षा टाकी कोपऱ्यात किंवा जवळच्या दुसऱ्या सार्वजनिक जागेवर घ्या, काळ्या मातीची जमीन आहे तर माती परीक्षणाचा अहवाल दाखवा, काम संपल्यावर उरलेलं मैदान सपाट करून द्या, असं मागा.

आणि सर्वसाधारण सभेची नोटीस काढण्याआधी घरं मोजा. बहुमत टाकीच्या बाजूने गेलं, तर अध्यक्षांनी सभा न घेता दिलेली ना-हरकत त्या ठरावाने कायम होईल. मग तुमच्या हातात राहतील त्या फक्त ठरावात घातलेल्या अटी, म्हणून त्यांचा मसुदा घेऊनच सभेला जा.