ब्रिटिश पासपोर्टवर ऑगस्टमध्ये सहकुटुंब स्पेनला जाताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की सगळ्यांचे पासपोर्ट ब्रिटिश आहेत, मुलं ७ आणि १३ वर्षांची, सोबत मधुमेह आणि बीपी असलेल्या शाकाहारी सासूबाई, आणि ऑगस्ट २०२६ मध्ये मालागा, सेव्हिया, ग्रानादा असे दहा दिवस. आम्ही इंग्लंडमधून जवळजवळ हाच प्रवास आईला घेऊन केला आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

हे वाचून झालं की आधी कपाटातले पासपोर्ट काढा आणि ते कधी दिले ती तारीख बघा. आपण सगळे संपण्याची तारीख बघतो आणि तिथेच फसतो. ब्रेक्झिटनंतर नियम दोन आहेत. युरोपात शिरता त्या दिवशी पासपोर्ट दिल्याला दहा वर्षं झालेली नसावीत, आणि तिथून निघाल्यावर तो किमान तीन महिने चालणारा असावा. सप्टेंबर २०१८ पूर्वी नूतनीकरण करताना जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने, जास्तीत जास्त नऊ, नव्यात जमा करून मिळायचे. म्हणजे १२ जुलै २०१६ ला दिलेल्या पासपोर्टवर १२ एप्रिल २०२७ छापलेलं असू शकतं, तरी ऑगस्टमध्ये तो स्पेनसाठी बाद. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबात नेमकं हेच झालं. चौघांच्या बॅगा काउंटरवर, आणि वडिलांना विमानात घेतलं नाही. मुलांचे पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, त्यांचे तीन महिने मोजा.

दुसरं म्हणजे रांग. १२ ऑक्टोबर २०२५ पासून एंट्री-एक्झिट सिस्टीम, म्हणजे युरोपच्या सीमेवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची संगणकी नोंद, टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पहिल्या वेळी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो, म्हणजे तुमच्या धाकट्याचे ठसे नाहीत. पैसे पडत नाहीत, पण वेळ जातो. परतीच्या वेळीही पासपोर्ट तपासतात, हे लोक विसरतात आणि दुकानांत रेंगाळतात. आधी पासपोर्ट कंट्रोल पार करा, मग कॉफी.

खाऊचं सांगते, कारण आपल्या बॅगेत हमखास सापडतो. ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तेव्हा पेढे, पनीर, तुपाचा डबा घरी ठेवा. ताजा कढीपत्ताही नको. चिवडा, चकल्या, भाजलेले शेंगदाणे खुशाल न्या. येताना चीज आणू नका, एप्रिल २०२५ पासून तेही बंद आहे.

सासूबाईंसाठी एनएचएसचं (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) जीएचआयसी कार्ड, म्हणजे परदेशात सरकारी उपचारांसाठी चालणारं कार्ड, काढा, तुमची सगळ्यांचीही काढा. ते फुकट मिळतं. पैसे मागणारी साइट दिसली तर बंद करा. पण हे कार्ड फक्त सरकारी दवाखान्यात चालतं. हॉटेलवाल्याने बोलावलेला डॉक्टर बहुधा खासगी असतो, म्हणून 'सेंत्रो दे सालुद', म्हणजे सरकारी आरोग्य केंद्र, कुठे आहे असं विचारा. कार्ड असलं तरी विमा हवाच, आणि त्यात मधुमेह आणि बीपी दोन्ही स्पष्ट सांगा. लपवलं तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनच्या प्रतीसह, हातातल्या बॅगेत ठेवा. इन्सुलिन असेल तर ते सामानात टाकायचं नाही आणि उन्हात उभ्या गाडीतही ठेवायचं नाही.

आता ऊन. कृपा करून हे हलक्यात घेऊ नका. सेव्हियात ऑगस्टमध्ये चाळिशी ओलांडणं नेहमीचं आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या कोर्दोबा प्रांतात ४७.६ अंशांची नोंद झाली. आम्हाला वाटलं, नागपूरचा मे महिना बघितलेली आई, तिला काय होणार! दुपारी तीनला सेव्हियात कॅथेड्रलपासून प्लासा दे एस्पान्या या मोठ्या चौकाकडे चालत निघालो. निम्म्या वाटेत ती बोलायचीच थांबली. समोर औषधाच्या दुकानाचा हिरवा क्रॉस लुकलुकत होता, त्यावर ४३ आकडा. आतल्या बाईंनी काही न विचारता खुर्ची सरकवली, मानेवर ओला टॉवेल ठेवला आणि 'सुएरो ओराल', म्हणजे आपलं ओआरएस, घोट घोट पाजलं. अर्ध्या तासाने आई हसली, तोवर माझे हातपाय गळाले होते. दहा वर्षं इंग्लंडच्या थंडीत राहिल्यावर नागपूर अंगातून निघून जातं. सकाळी नऊ ते बारा फिरा, मग खोलीवर, पुन्हा सातनंतर बाहेर. रात्री नऊलाही उजेड असतो. बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असेल तर निघण्याआधी जीपीला (तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना) उन्हाबद्दल विचारा.

तिथली स्वयंपाकघरं रात्री साडेआठच्या आधी क्वचितच सुरू होतात. सासूबाईंना सातला जेवायची सवय असेल तर संध्याकाळचं काहीतरी जवळ ठेवा. नुसतं 'सिन कार्ने' (मांस नको) म्हणू नका, हॅम आणि ट्यूना तरीही येतात. 'सिन हामोन, सिन आतून' (हॅम नको, ट्यूना नको) जोडा. सेव्हियात 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस' मागवा. पालक-हरभऱ्याची भाजी, तीही जिऱ्याच्या वासाची! आईने दोनदा मागवली. साल्मोरेखोवर, म्हणजे टोमॅटोच्या थंड दाट सूपवर, हॅम आणि अंडं भुरभुरतात, ते आधीच सांगा.

कार्डाने पैसे देताना मशीन पौंड की युरो विचारतं. नेहमी युरो. पौंड निवडलेत तर दर त्यांचा, आणि तो महाग पडतो.

आणि ग्रानादातल्या अलहम्ब्रा या जुन्या किल्ल्या-राजवाड्याची तिकिटं आजच बघा, ऑगस्टची लवकर संपतात. तिकिटावर नावं असतात, पासपोर्ट सोबत लागतात. त्यातल्या नासरी महालांची वेळ ठरलेली असते, ती चुकली तर आत सोडत नाहीत. सकाळी साडेआठची वेळ मिळाली तर तीच घ्या. महालांतल्या सिंहांच्या चौकात तेव्हा संगमरवर गार असतो, आणि सासूबाईंना सावलीत निवांत फिरता येईल.